बाग वाळली हे पण लिही

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या दोन पोरांनी मला चर्चच्या मागं लिंबाखाली गाठलं आणि म्हणली, दादा आम्हाला पण येशूबद्दल ऑनलाइन लिहायचंय, तुम्ही लिहिता तर सांगा ना कसं सुरू करायचं. एक पॉलिटेक्निकला आहे, दुसरी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांचा उत्साह बघून काहीतरी दोन वाक्यं सांगून मोकळं व्हावंसं वाटलं नाही, म्हणलं थांबा, नीट लिहूनच देतो. मी जालन्याच्या एमआयडीसीत वजनकाट्यावर असतो, रात्रपाळीला दोन ट्रकच्या मधे वेळ भेटतो, तिथंच बसून हे लिहायलोय आणि आज तिसरी रात्र आहे.

सध्या ती पोरं काय करतात तर रोज सकाळी एक वचन टाकतात, मागं उगवता सूर्य, खाली गुलाबाचं फूल. मी पण वर्षानुवर्षं हेच केलं. त्यात वाईट काहीच नाही, माझी माय तर सकाळी उठल्या उठल्या फोन हातात घेऊन तेच शोधते आणि तिचा दिवस त्या वचनावर निघतो. पण जो माणूस चर्चला येत नाही, ज्यानं पवित्र शास्त्र कधी उघडलं नाही, तो ते बघून पुढं सरकवतो, कारण ते त्याच्या ओळखीच्या कुणी बोललेलं नसतं. तेच वचन शंभर जणांकडून येतं. त्या शंभरातल्या एकाच्या तरी घरात ते वचन कसं उतरलं, कोणत्या दिवशी, कुणाच्या तोंडून, हे कुणी सांगत नाही, आणि ऐकणाऱ्याला खरी उत्सुकता तर त्याचीच असते.

माझी पहिली साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं त्याची गोष्ट, मी २०२१ साली लिहून फेसबुकवर टाकली होती. आमच्या बागेची गोष्ट होती. भाषा सगळी पुलपिटावरची, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाची, ‘प्रभूच्या असीम कृपेने आम्हा दीनांस घोर संकटातून सोडविले’ अशी, आणि शेवट असा केला होता की वाचणाऱ्याला वाटावं पाऊस पडला, बाग वाचली, सगळं गोड झालं. खोटं असं एक पण वाक्य नव्हतं त्यात. पण जे झालं होतं ते मी गाळलं होतं. चर्चच्या लोकांनी आमेन म्हणलं, हात जोडलेली चित्रं पाठवली, आणि मला वाटलं आपण काम केलं.

आमच्या शेताच्या बांधाला लागून एका नानांचं शेत आहे. नाना माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, दरसाल नाथषष्ठीला पैठणला जाणार म्हणजे जाणार. त्यांच्या नातवानं त्यांना मोबाइलवर ते सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बांधावर भेटले, तंबाखू मळत मळत म्हणले, “पोरा, लिव्हलंस चांगलं. पण बाग तर वाळली की रे तुमची. म्या सोता करवत धरली व्हती तुह्या बापासंगं. ते कुठंय ह्याच्यात?”

मला उत्तर देता आलं नाही. बागेची गोष्ट आधी नीट सांगतो, मग पुढचं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. नोकरीतून पै पै साठवून साडेतीन एकर घेतलं आणि २००४ ला मोसंबी लावली. जालना म्हणजे मोसंबी, हे इकडच्या लोकांना सांगायची गरज नाही. झाड पाच सहा वर्षांनी धरायला लागतं, तोवर नुसतं पोसायचं, लेकरासारखं. २०१० पासून फळ सुरू झालं आणि दोन तीन वर्षं बरी गेली. आंबे बहार धरायचा म्हणजे झाडाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी बंद करायचं, झाड मलूल होतं, पानं गळतात, आणि मग ताण तोडला की पांढऱ्या फुलांनी सगळं शिवार घमघमतं. २०१२ ला पाऊसच झाला नाही. ताण आम्ही द्यायच्या आधीच बसला आणि तोडायला पाणी नव्हतं.

विहिरीचा तळ दिसला. बोअर दोन घेतले, दोन्हीतून नुसता फुफाटा. जानेवारी ते मार्च टँकर विकत घेऊन झाडं जगवली, म्हणजे टँकरमधून ड्रममधे, ड्रममधून बादलीनं एकेका आळ्यात. मी कामावरून आलो की रात्री बादल्या. माय प्रत्येक आळ्यात पाणी ओतताना काहीतरी पुटपुटायची, मला वाटायचं दमून उसासे टाकायलीय, नंतर कळलं एका एका झाडासाठी प्रार्थना करायची. एप्रिलमधे पैसे संपले. गुरं आधीच छावणीत नेऊन बांधली होती. मे २०१३ मधे आप्पांनी आणि नानांनी करवत लावली. नऊ वर्षांची झाडं. साल तडकलेली, फांद्या कडकड मोडायच्या, पण बुंध्यापाशी कापलं की आत अजून पिवळसर ओल दिसायची आणि मोसंबीचा तोच वास यायचा. सगळं सरपण म्हणून वखारीवाल्याला गेलं.

त्या महिन्यात आप्पा बोलायचे बंद झाले होते. जेवायचे, उठायचे, शेतात जाऊन बसायचे. त्या वर्षी आमच्या भागात घरोघरच्या बायांना जी भीती होती तीच मायच्या पोटात होती, तिनं आप्पांना एक मिनिट नजरेआड होऊ दिलं नाही. एका रात्री अकरा वाजता आप्पा उठून शेताकडं निघाले. माय मागं, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या काखेत पवित्र शास्त्र, आणि तिच्या मागं मी. आप्पा एका खोडावर बसले होते. माय काही बोलली नाही, शेजारच्या खोडावर बसली, चष्मा नव्हता म्हणून पुस्तक अगदी डोळ्यापाशी धरलं आणि ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द जोडत वाचायला लागली. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय, सतरावं वचन. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न पिकलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आणि पुढचं वचन असं की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

आप्पा किती तरी वेळ गप होते, मग म्हणले, “गोठ्यात गुरं न्हाईत असं लिव्हलंय त्याच्यात?”

माय म्हणली, “हेच लिव्हलंय.”

“पुन्हा वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. आप्पांनी विचारलं हे लिहिणाऱ्याची बाग होती का. मायला माहीत नव्हतं, मला पण नव्हतं. मग थोड्या वेळानं ते उठले आणि आम्ही तिघं घरी आलो. सकाळी त्यांनी चहा मागितला, महिनाभरात पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी मागितलं. बोअरला पाणी लागलं नाही. पाऊस जूनमधेच आला, सगळ्यांसोबत आला. पण आप्पा आमच्यात परत आले आणि ते वचन त्यांनी तेव्हापासून सोडलं नाही, आजपण रात्री झोपायच्या आधी मायला म्हणतात गुरांचं वाच.

तर नानांचा प्रश्न हा होता, आणि मी तो कितीतरी दिवस घेऊन फिरलो. मी बाग का गाळली? कारण मला वाटलं बाग वाळली असं लिहिलं तर देवाची बदनामी होईल, लोक म्हणतील एवढी प्रार्थना करून काय भेटलं. मी देवाला सांभाळून घ्यायला निघालो होतो, आणि त्या नादात त्यानं आमच्यासाठी जे खरंच केलं तेच झाकून टाकलं.

पोरांनो, आपल्याकडं शब्द ‘साक्ष’ आहे, तो कोर्टातला शब्द आहे. साक्षीदारानं काय पाहिलं ते सांगायचं, केस जिंकून द्यायचं काम त्याचं नसतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूनं बरं केलेल्या, जन्मापासून आंधळ्या माणसाला परूशी, म्हणजे तेव्हाचे धर्मपुढारी, उलटे सुलटे प्रश्न विचारतात, येशू पापी आहे का नाही ते सांग म्हणतात, आणि तो सांगतो ते मला माहीत नाही, मला एक माहीत आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतंय. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणला आणि जे माहीत आहे त्यावरून तसूभर हलला नाही. त्याला तर सभास्थानातून बाहेर काढलं. तरी त्याचं ते एक वाक्य दोन हजार वर्षं चाललंय.

आणि योहानाच्याच चौथ्या अध्यायातली, विहिरीवरची ती शोमरोन प्रांतातली बाई. तिची गोष्ट आपण मराठवाड्यातल्यांनी तर डोळे मिटून वाचावी. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली बाई, आणि समोर अनोळखी माणूस, म्हणजे येशू, पाणी मागतो, ती म्हणते तुमच्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. (ती याकोबाची विहीर आज पण नाब्लुसमधे दाखवतात, चाळीसेक मीटर खोल.) ज्या लातूरला १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिण्यांतून पाच लाख लिटर पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथल्या बाईला विचारा घागर सोडून जाणं म्हणजे काय असतं. ही बाई घागर तिथंच ठेवून गावात पळत गेली! आणि काय बोलली? उपदेश नाही केला. म्हणली, या, बघा, मी केलेलं सगळं ज्यानं मला सांगितलं असा माणूस भेटलाय, हाच ख्रिस्त असेल का? प्रश्न विचारला तिनं. स्वतःच्या आयुष्यातलं जे लोक तिच्या पाठीमागं कुजबुजायचे, तेच तिनं तोंडानं काढलं. आणि त्या अध्यायात पुढं गावातले लोक तिला म्हणतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. मला हे वाक्य लई आवडतं. माझ्या लिहिण्याचं काम विहिरीपर्यंत नेऊन सोडायचं, पुढचं त्या माणसाचं आणि येशूचं.

भाषेचं बोलायचं तर ह्या मातीत ती अडचण पडायलाच नको. पैठण आपल्यापासून किती लांब आहे? नाथांनी भागवत मराठीत आणलं ते गावातल्या माणसाला कळावं म्हणून. १५९९ ला नाथांनी देह ठेवला, आणि त्यानंतर सतराच वर्षांनी, १६१६ ला, तिकडं गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्लंडातून आलेल्या माणसाचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, अख्खी येशूची कथा ओव्यांमधे. बाहेरून आलेल्या माणसाला कळलं की इथं सांगायचं तर इथल्या ओवीत सांगावं लागेल. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून पूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, शेवटच्या दिवसांपर्यंत तेच काम करत होत्या. आणि आपण जे जन्मानं मराठी आहोत ते येशूबद्दल लिहायला बसलो की ‘असीम कृपेने दीनांस’ असं लिहितो.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तर सगळ्यांना माहीत आहे, उपासना संगीत ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची किती गाणी आपण दर रविवारी म्हणतो. ते म्हणायचे मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. पण मला त्यांच्या गोष्टीतली आगगाडी जास्त जवळची वाटते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन माणूस भेटला, संस्कृत कवितेवर दोघांच्या गप्पा झाल्या, उतरताना त्यानं टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळक येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढं पुस्तक खाली ठेवता येईना. १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधी कळलं नाही. एका माणसानं आधी कवितेवर प्रेमानं गप्पा मारल्या, मग पुस्तक दिलं, आणि गेला. आज आपण एखादी गोष्ट लिहून सोडतो ती कुणाच्या डब्यात जाऊन बसेल आपल्याला कळणार नाही, आणि कळायलाच पाहिजे असं नाही.

आणि टिळकांची बायको लक्ष्मीबाई. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, तिच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ ला निघाला, आणि आज ख्रिस्ती नसलेल्या घरात पण ते पुस्तक जीव लावून वाचतात. का? नवरा ख्रिस्ती झाल्यावर तिच्यावर काय कोसळलं, तिला किती राग आला, किती वर्षं ती वेगळी राहिली, हे तिनं झाकलं नाही. पाच वर्षांनी, १९०० साली, ती स्वतः विश्वासात आली ते वाचताना आपल्याला पटतं, कारण आधीचा राग तिनं खरा लिहिलाय.

आता दोन गोष्टी ज्या मी पोरांना तोंडावर सांगणार आहेच, पण इथं पण लिहितो.

माझ्या एका मौशीनं एका व्हिडिओत ऐकलं की विश्वास असेल तर गोळ्या सोडा, प्रभू बरं करील. तिनं शुगरच्या गोळ्या दोन महिने बंद केल्या. पायाची जखम चिघळली, दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, आणि वरून ती स्वतःलाच दोष द्यायची की माझा विश्वास कमी पडला. हे मला अजून सहन होत नाही. प्रेषित पौलाच्या सोबत असलेला लूक वैद्य होता. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ ला मिरजेला दवाखाना सुरू केला तो प्रार्थना सोडून दिली म्हणून नाही. कुणाच्या आजारावर लिहायचं असेल तर त्याला विचारून लिहा, फोटो टाकू नका, आणि बरं होण्याचं वचन देवाच्या वतीनं आपण देऊ नका. तुम्ही प्रार्थना केली आणि माणूस गेला, तर माणूस गेला असं लिहा.

दुसरं म्हणजे, तुम्ही लिहायला लागलात की कुणीतरी विचारणारच, ख्रिस्ती व्हायला किती पैसे भेटले? मला विचारलंय, शाळेत असल्यापासून विचारलंय. आधी मी भांडायचो. आता मी आज्जाची गोष्ट सांगतो. आज्जा सालगडी होता, वाड्याच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती. ज्या पाळकसाहेबांनी त्याला अक्षरं शिकवली त्यांनी त्याला पाटावर शेजारी बसवून शिकवलं, आणि एका ताटातलं खाल्लं. हे भेटलं. पैसा म्हणाल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, म्हणजे आमच्या आप्पांना सवलत नव्हती आणि मला पण नाही. जालन्याजवळ बेथेल गाव आहे ना, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं, निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली होती. तिथं जाऊन या पोरांनो, आपली मुळं इथल्याच काळ्या मातीत आहेत हे बघून या, मग कुणी विचारलं तर आवाज चढवायची गरज पडत नाही.

घटनेच्या कलम २५ नं धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रचार करायचा हक्क सगळ्यांना दिलाय, आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टानं हे पण सांगितलंय की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. मला ह्यात काही जाचक वाटत नाही. माणसाचं मन वळवणं तसं पण माझ्या हातातलं काम नाही. येशूचा शिष्य पेत्र पण म्हणतो की तुमच्या आशेबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं द्या. दुसऱ्याच्या देवाला, त्याच्या वारीला, त्याच्या माळेला नाव ठेवून येशूची गोष्ट मोठी होत नसते. आमची झाडं कापायला जे आले त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आणि हे माझ्या साक्षीतून काढलं तर साक्ष अर्धी राहील.

तर मी ती पुन्हा लिहिली. गेल्या वर्षी. ह्या वेळेला घरात जसं बोलतो तसं लिहिलं, बाग वाळली हे लिहिलं, वास लिहिला, नानांची करवत लिहिली, मायचं बोट लिहिलं. टाकायच्या आधी नानांना बांधावर बसून स्वतः वाचून दाखवलं. ते खाली बघून ऐकत होते. झाल्यावर म्हणले ते गुरांचं परत म्हण, मग म्हणले मला ते कागदावर लिहून दे. मी लिहून दिलं. पुढच्या एकादशीला त्यांच्या ओसरीवर भजन होतं, मधल्या सुट्टीत चहा चालू असताना नानांनी खिशातून तो कागद काढला आणि दोन टाळकऱ्यांना वाचून दाखवला, त्यांच्या त्या हरिपाठाच्या चालीत, गोठ्यात गुरं न्हाईत, तरीबी. मी दारात उभा होतो. त्यापुढं काही झालं नाही, चहा संपला, टाळ पुन्हा सुरू झाले.

घरी आल्यावर आप्पांना पण वाचायला दिलं. मला भीती होती, त्या रात्रीबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललेलं नव्हतं. आप्पांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मग पहिल्या परिच्छेदावर परत आले आणि बोट ठेवलं.

“चारशे झाडं लिव्हलंस. चारशे बारा व्हती. टाकीजवळची बारा तू धरलीच न्हाईस.”

मी फोन घेतला आणि चारशे बारा केलं.